सातवी फेरी कधी आली

सकाळी साडेदहाला माझा भाऊ तोंडात ब्रश धरून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "ताई, काल सातवी फेरी कधी आली?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तू कामावर होतास, मी एकटी बसले आणि सहावीतच मेले."

"परत?"

"परत म्हणजे काय? तू मारतोस, मी मरते. मला काय हौस आहे?"

तो हसला आणि फेस बनियनवर सांडला. म्हणाला, "सातवी जरा लवकर येतेय असं वाटतंय मला. वहीत सगळं जुळतंय, पण मन म्हणतंय लवकर येतेय. आज एकदा खेळशील? तासाभराचं काम आहे."

"आज नाही. पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचेत. उद्या."

"उद्या नक्की?"

"हो रे बाबा. उद्या मर म्हणालास तर उद्या मरते."

साडेअकराला डबा घेऊन तो दुसऱ्या पाळीला गेला. जिन्यात एक पायरी सैल आहे, तिच्यावर त्याचा पाय पडला की टक्क आवाज यायचा. तो आवाज आला, आणि मी शिवणाच्या मशीनवर बसले. पडदे निळे होते आणि फार लांब होते, एवढं आठवतं.

चार वाजून चोवीस मिनिटांनी डेपोतून फोन आला.

माझा भाऊ बस डेपोत कंट्रोलर होता. फाटकाजवळ काचेची केबिन असते, तिच्यात बसून कुठली गाडी कधी आली, कधी सोडायची हे वहीत लिहायचं आणि गाडी सोडायची. सत्तावीस वर्षं हेच केलं. डेपोत त्याला काटा म्हणायचे, घड्याळाचा काटा. मग मीही रागावले की काट्याच म्हणायला लागले. खरं नाव आता फक्त मृत्यूच्या दाखल्यावर उरलंय, ते इथे लिहून काय करू?

त्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांची गाडी त्याने वहीत लिहिली. पुढच्या ओळीत गाडीचा नंबर लिहिला. वेळ लिहिली नाही. त्या गाडीचा कंडक्टर खिडकीशी आला, आत बघितलं, काट्याचं डोकं टेबलावर. कंडक्टर हसला. परत जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, साहेबांना डुलकी लागलीय, जरा हॉर्न दे. त्याने हॉर्न दिला. मागची गाडी आली, तिनेही दिला. चार गाड्या झाल्या. नऊ मिनिटं हॉर्न वाजवत होते माझ्या भावावर. नऊ मिनिटं! आत जाऊन खांद्याला हात लावायला दोन पायऱ्या चढायच्या होत्या.

मी त्या कंडक्टरला विचारलं. माणूस वाईट नाही, रडत होता. म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं झोपलेत."

"सत्तावीस वर्षांत कधी झोपला होता का तो ड्युटीवर?"

"नाही."

"मग आज झोपला असं कसं वाटलं?"

डॉक्टर म्हणाले, नऊ मिनिटांनी फरक पडला असता की नसता हे कोणी सांगू शकत नाही. बरं, नका सांगू. पण डेपोच्या मॅनेजरने जे पत्र पाठवलं त्यात लिहिलंय "सहकाऱ्यांनी तत्काळ मदत केली". तत्काळ! त्या माणसाचं अख्खं आयुष्य मिनिटं लिहिण्यात गेलं आणि त्याच्याबद्दलच्याच पत्रात नऊ मिनिटांचं तत्काळ करून टाकलं. मी ते पत्र परत पाठवलं. वर लिहिलं, वेळ दुरुस्त करा. अजून आलं नाही.

आता घरचं सांगते. दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. आमचे मामा खुर्चीत बसले, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि मान हलवली. "मी सांगत होतो. या वयात दिवसभर गेम खेळत बसायचं म्हणजे हृदयावर ताण येणारच. बावन्न वर्षांचा घोडा आणि लुटुपुटीच्या लढाया."

मी चहा देत होते. म्हटलं, "मामा, तुम्ही रोज पाच तास पत्ते कुटता ते काय सीमेवर जाऊन?"

मामी म्हणाली, "अगं, आज तरी."

आज तरी काय? आजच तर. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याच खोलीत बसून त्याला रिकामटेकडा म्हणायचं आणि मी गप्प बसायचं? मामा, मी हे तुम्हालाही पाठवणार आहे. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. तो गेम खेळत नव्हता. बनवत होता. खेळायची मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा जुना खेळ आहे. आपलं एक छोटं गाव असतं. माणसांकडून लाकूड तोडायचं, दगड काढायचे, भिंत बांधायची, शिपाई तयार करायचे. समोर शत्रू असतो, आणि तो कोणी माणूस नसतो, कॉम्प्युटरच असतो. तो थोड्या थोड्या वेळाने सैन्य पाठवतो. इंग्रजीत त्याला वेव्ह म्हणतात, म्हणजे लाट. आमच्या घरात फेरी म्हणायचो, कारण काटा फेरी म्हणायचा. पहिली फेरी, दुसरी फेरी, जशी बसची. त्या खेळाच्या आतच एक कारखाना दिलाय, तिथे कोणालाही आपला मॅप बनवता येतो. डोंगर कुठे, नदी कुठे, आणि मुख्य म्हणजे शत्रूने काय करायचं, हे तिथे लिहून द्यायचं. असं झालं तर तसं कर. इतकी मिनिटं झाली की इतके घोडे या वाटेने सोड. ते लिहिलं की कॉम्प्युटर तसाच वागतो, मग बरोबर लिहिलेलं असो की चूक.

पंधरा वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी तो हा खेळ पहिल्यांदा खेळला आणि तासाभरात चिडला. मी शिवत बसले होते. म्हणाला, "हा कसला मूर्ख शत्रू आहे?"

"काय केलं त्याने?"

"सगळ्यांना एकदम सोडतो. घोडे पळत आधी येतात आणि मरतात. मग पायी चालणारे येतात, ते मरतात. तटबंदी फोडायला दगड फेकणारा गाडा असतो, तो बिचारा सगळ्यात शेवटी एकटा येतो. त्याला तर माझ्या शेतातली माणसंसुद्धा मारतात. आमच्या डेपोत असं कोणी गाड्या सोडल्या असत्या तर घरी बसवलं असतं."

मग त्याने शत्रूला गाड्या सोडायला शिकवलं. हे त्याचं पहिलं काम. डेपोतल्या जुन्या कोऱ्या वह्या होत्या, त्यांच्यात रकाने आखलेलेच असतात. निघणे, मार्ग, पोहोचणे. त्याच रकान्यांत तो शत्रूचं वेळापत्रक लिहायचा. गाडा नऊ मिनिटं वीस सेकंदांनी निघणार, कारण तो हळू. पायदळ दहा चाळीसला. घोडे अकरा पस्तीसला. सगळे तटाशी पोहोचणार बाराला. खेळणाऱ्याला वाटायचं शत्रू फार हुशार आहे. हुशार कसला, वेळेवर होता.

आणि चुकाही केल्या त्याने, सांगते की. मी खेळलेल्या पहिल्याच मॅपमध्ये एका फेरीपुढे एक खूण राहून गेली. ती खूण असली की हुकूम एकदा करून थांबत नाही, परत परत होत राहतो. मी खेळायला बसले, पहिली फेरी आली. एका सेकंदाने दुसरी, मग तिसरी. पाच मिनिटांत पडद्यावर पाय ठेवायला जागा नाही. घोड्यावर घोडा, माणसावर माणूस. कोणालाच हलता येईना म्हणून कोणी माझ्यापर्यंत पोहोचेना. मी माझ्या गावात निवांत लाकडं तोडतेय आणि बाहेर शत्रू गुदमरतोय. काटा इतका हसला की खुर्चीवरून घसरला. म्हणाला, "संप मिटल्यावर दुसऱ्या दिवशी स्टँडवर असंच असतं."

मी कशी आले यात ते सांगायला हवं. मी सातवीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर माहेरी आले, आई तेव्हा हिंडतीफिरती होती. एकच मोठी खोली, एका खिडकीशी माझं मशीन, दुसऱ्या खिडकीशी त्याचा कॉम्प्युटर. तो मॅप ज्या साईटवर टाकायचा तिथले लोक ते तपासायला होते, पण ते सगळे पट्टीचे खेळणारे. त्यांना सगळंच सोपं. एक दिवस मला म्हणाला, "ताई, तू बस."

"मला काय येतं त्यातलं?"

"काहीच येत नाही. म्हणूनच पाहिजे. तू जिथे मरशील तिथे साधा माणूस मरतो."

असा मान माझ्या वाट्याला आला. चौदा वर्षं मी त्याच्यासाठी मरत होते. तो मागे स्टुलावर वही घेऊन बसायचा. नियम असा की त्याने बोलायचं नाही, हात लावायचा नाही आणि खेळ मध्ये थांबवायचा नाही, कारण थांबवला की त्याच्या वेळा चुकायच्या. मी सगळी घरं एकाच बाजूला बांधायचे आणि शत्रू दुसऱ्या बाजूने यायचा. मी ओरडायचे, "थांब मेल्या, दार तरी लावू दे." मागून फक्त पेनाचा आवाज. मेले की तो म्हणायचा, "छत्तीस मिनिटं दहा सेकंद. छान मेलीस." आणि मग चहा तोच करायचा.

त्याच्या एका मॅपमध्ये नदीवर लाकडी पूल होता. तिथे एकदा गाडा आडवा झाला आणि मागचं सगळं सैन्य उभं राहिलं. कॉम्प्युटरला त्याचं काही नाही. त्याने एकदा हुकूम दिला, त्याचं काम झालं. काटा तीन दुपारी त्या पुलाशी झटत होता. शेवटी त्याने एक तपासणी लिहिली. दर तीस सेकंदांनी बघायचं, कोणी एका जागी उभा आहे का? उभा असेल तर त्याला परत विचारायचं, परत हुकूम द्यायचा, वाट बदलून द्यायची. मला समजावून सांगताना म्हणाला, "गाडी उभी दिसली की विचारायचं, का उभी? एवढंच तर आमचं काम."

शत्रूच्या शिपायाला, जो खोटा, बोटाएवढा, ज्याला जीव नाही, त्यालासुद्धा माझ्या भावाने तीस सेकंदांच्या वर एकटा उभा ठेवला नाही. आणि त्याला नऊ मिनिटं. जाऊ दे. नाही, जाऊ नका देऊ. डेपोतले जे कोणी हे वाचतील त्यांनी दोनदा वाचावं.

आता साईटवरच्या लोकांसाठी. तुमच्याशीच माझं खरं भांडण आहे.

सहा वर्षांपूर्वी आईला झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता. काटा पहिल्या पाळीहून अडीचला यायचा, जेवायचा, सव्वातीनला मला मॅपवर बसवायचा. चार वाजता मी उठायचे. कूस बदलायची, पाठ पुसायची, चमच्याने पाणी पाजायचं, उशी नीट लावायची, आई काहीतरी बोलायची ते ऐकायचं. तो उठला तर आई त्याला हात लावू द्यायची नाही, लाजायची. परत येऊन बघते तर माझं गाव जळालेलं. दोनदा झालं, तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हटलं, "तुझ्या त्या शत्रूला सांग जरा थांब म्हणून. आईला कुशीवर करून येते."

त्याने पेन उचललं. वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मी सहावी फेरी कशीबशी परतवली, चार वाजले म्हणून उठले, आईचं झालं, हात धुतले, आले. गाव जागच्या जागी. आणि नदीपलीकडे जंगलाच्या कडेला शत्रूचं सैन्य बसलेलं. नुसतं बसलेलं नाही. दोघं लाकडं तोडत होते, एका जागी शेकोटी होती, एक घोडा मोकळा सोडलेला, तो चरत होता. मी खुर्चीत बसले, आणि अर्ध्या मिनिटाने ते उठले.

मी मागे वळून बघितलं. काटा वहीत डोकं घालून. "अकरा मिनिटं लागतात तुला," एवढंच म्हणाला. मोजली होती त्याने.

तो हा मॅप. नदीवरचा पूल असलेला, तुम्ही सगळे खेळलेला. सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मधली ती अकरा मिनिटं तुम्हाला चूक वाटली. मी तुमचं सगळं वाचलंय. "शत्रू चहाला गेला का?" "काटासाहेब, तुमची गाडी पंक्चर." "बग आहे, दुरुस्त करा." तो प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा, तसंच आहे. कधी कोणाला कारण सांगितलं नाही. घरातल्या आजारी बाईचं बाहेर का सांगेल तो?

आई दोन वर्षांपूर्वी गेली. महिन्याभराने मीच म्हटलं, "आता काढून टाक ती अकरा मिनिटं. लोक हसतात तुला."

तो म्हणाला, "वेळापत्रकात एकदा थांबा पडला की काढायचा नसतो, ताई. कोणीतरी तिथे उभं असतं."

काटा गेल्यावर सात आठवडे मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. वर चादर टाकली होती. मग एका दुपारी चादर धुवायला काढली आणि बटण दाबलं. तुमची साईट आपोआप उघडली, त्याच्याच नावाने. आणि सगळ्यात वर काय? नदीचा पूल, दुरुस्त आवृत्ती. बनवणारा, पोलादी. खाली बारीक अक्षरांत, मूळ कल्पना काटा, आता सक्रिय नाही.

सक्रिय नाही!

हा पोलादी कोण हे मला माहीत होतं. दहा वर्षं काट्याला प्रश्न विचारायचा आणि काटा उत्तरं द्यायचा. गाडा आधी कसा सोडायचा, पूल कसा मोकळा ठेवायचा, सगळं काट्यानेच शिकवलं त्याला. मी दोन बोटांनी टाइप केलं, ही दुरुस्ती कोणाला विचारून केली?

लगेच उत्तर आलं. "अरे काटा! कुठे गायब होतास? किती दिवसांनी!"

"मी काटा नाही. काट्याची मोठी बहीण आहे. तो वारला. सात आठवडे झाले."

त्याने लिहिलं, "फार वाईट झालं. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं कंटाळला."

"माणूस दिसला नाही की विचारायचं असतं, कुठे आहेस. तुम्ही त्याचं सामान उचललंत."

"ताई, तसं नाही. मी मॅप सुधारला. त्यात मोठी चूक होती. शत्रू अकरा मिनिटं नुसता बसतो."

"ती चूक नाही."

"मग काय आहे?"

मी सांगितलं. आईचं, चार वाजताचं, सगळं. बोटं दुखली टाइप करून. तो म्हणाला, "हे माहीत नव्हतं. पण तुम्ही रागावू नका, खेळणाऱ्यांना नवीन आवृत्ती आवडतेय. आठशे जणांनी घेतली."

"आठशे जणांनी घेतली म्हणून ती तुमची होते का?"

"मी त्याचं नाव दिलंय की."

"कुठे? पायाशी?"

साईट चालवणाऱ्यांना लिहिलं. ते म्हणाले, नियमाप्रमाणे कोणीही जुना मॅप सुधारू शकतो, मूळ माणसाचं नाव कुठेतरी असलं म्हणजे झालं. म्हणजे नियम पाळला गेला, सगळं व्यवस्थित, तक्रार बंद. डेपोच्या पत्रासारखं.

पोलादीने नंतर एवढं केलं, "सक्रिय नाही" खोडलं आणि "दिवंगत" लिहिलं. दुरुस्त हा शब्द ठेवला. माझं म्हणणं एवढंच होतं की तुमचा वेगळा मॅप करा, त्याला तुमचं नाव द्या, शंभर फेऱ्या आणा, माझी ना नाही. पण माझ्या भावाच्या कामाला वरून दुरुस्त लिहू नका. जे मोडलेलं नव्हतं ते दुरुस्त कसं होतं? मी कपडे दुरुस्त करते, मला माहीत आहे. धडका कपडा उसवून परत शिवला तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, त्याला नासाडी म्हणतात.

आणि नासाडी झालीच. त्याने ती तीस सेकंदांची तपासणी पण काढली. म्हणे तिच्यामुळे खेळ संथ होतो. आता खालचे तुमचेच शेरे वाचा. "शत्रू पुलावर अडकतो." "सातवी फेरी येतच नाही." "अर्धं सैन्य पुलावर उभं आहे, काय करू?" आता विचारा पोलादीला, का उभी?

एवढं झाल्यावर मला आठवलं की मी उद्या म्हटलं होतं.

त्याचा नवा मॅप तसाच होता, जो तो शेवटच्या दिवशी तपासायला सांगत होता. डोंगरातली खिंड आणि खाली गाव. शेजारी वही उघडीच, पेन मध्ये घालून ठेवलेलं. सातव्या फेरीच्या ओळीत पोहोचणे या रकान्यात त्रेपन्न मिनिटं. शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

परवा सव्वातीनला मी बसले. मशीनवर कापड होतं, ते तसंच राहू दिलं. दोनदा मागे त्याच्या स्टुलाकडे बघितलं, मग नाही बघितलं. घरं या वेळी दोन्ही बाजूंना बांधली. तिसऱ्या फेरीत दगडखाण गेली. पाचवीत निम्मे शिपाई गेले. सहावी, जिच्यात मी त्या आदल्या दिवशी मेले होते, ती परतवली. कशी ते मलाही माहीत नाही.

आणि मग काहीच आलं नाही. खिंडीच्या तोंडाशी शेकोटी पेटली. दोघं लाकडं तोडायला लागले. एक घोडा मोकळा सोडला, तो चरत निघाला.

हा नवा मॅप होता. आई जाऊन दोन वर्षं झालेली. मला वाटलंही नव्हतं की इथे थांबा असेल.

मी उठले. उठायचं काही कारण नव्हतं, पण पाय उठले. आईच्या कॉटवर आता कापडाचे गठ्ठे असतात. तिथे उभी राहिले. मग स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले. सकाळचे दोन कप पडले होते, म्हणजे एकच, मला अजून दोन दिसतात. तो धुतला. हात पुसले. परत येऊन बसले तेव्हा घोडा अजून चरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग सगळे उठले.

सातवी फेरी बावन्न मिनिटं वीस सेकंदांनी तटाशी आली. चाळीस सेकंद लवकर. त्याचं मन बरोबर सांगत होतं. मी चौपन्नाव्या मिनिटाला मेले.

मी वही ओढली. त्याच्या त्रेपन्नच्या पुढे, प्रश्नचिन्हाच्या शेजारी, पेनाने लिहिलं, ५२:२०, ताई. पंधरा वर्षांत त्या वहीत माझं अक्षर पहिल्यांदा.

मॅप खाली ठेवलाय, त्याच्याच नावाने. सात फेऱ्या आहेत. सहावीनंतर अकरा मिनिटं थांबा आहे. सातवी चाळीस सेकंद लवकर येते, हे सांगून ठेवते, म्हणजे कोणी मला सांगायला येऊ नका. ती चूक आहे आणि ती त्याची आहे. कोणी हात लावायचा नाही.

लावलात तर मी घरीच असते.